एका कपातले दोघे

मी, सालह बिन मुख्तार झघदूद, वय सत्तर, धंदा लाल टोप्या बनवण्याचा, राहणार हलफावीन, ट्युनिस, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

१. घर व दुकान धर्माच्या कायद्याप्रमाणे माझा एकुलता एक मुलगा युनूस याचं.

२. लोकर पिंजायचे फणे कारागीर ताहरला. माझ्या माघारी तो माझ्या टोप्यांना नावं ठेवतो, तरीही.

३. वाटणीबाहेर देता येतो त्या तिसऱ्या हिश्श्यातून, आमच्या गल्लीचं चित्र धाकटी बहीण मुंजिया हिला. ते १९३६ साली इथे भाड्याने राहिलेल्या एका परदेशी बाईने काढलं. कॉफीवाल्याने दुकान मोडलं तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, त्याच्या अडगळीतून मी ते घेतलं. डोक्यावर पावाची फळी घेतलेली बाई, दोरीवर ठिबकणारी रंगवलेली लोकर, मांजर, सगळं जसंच्या तसं. फक्त पायरीवर माझे वडील आणि शेजारी अम्मार केफी एकाच कपातून कॉफी पिताना दिसतात.

हे कसं शक्य होतं? गच्चीवरच्या वाळवणावरून आमच्या आया भांडल्या, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. त्याच वैरापायी, वडील वारल्यावर, अम्मारच्या हेदीने मुंजियाला मागणी घातली ती मी फेटाळली. "त्या घरचं पाणीही माझ्या बापाने घेतलं नाही," म्हणालो. तिने मग लग्नच केलं नाही. हेदीने दुसरीकडे लग्न केलं; ती बायको पुढे वारली.

बाईने मनचं काढलं का? मी न्हाव्याला विचारलं, हमामवाल्याला विचारलं, मुअज्जिनाला विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी मुंजियाच चित्रापाशी थांबली.

"काय शोधतोस रे दादा?"

"हे दोघं खरंच असे बसायचे?"

"दर शुक्रवारी. आई हमामला न्हायला गेली की. कॉफी मीच नेऊन द्यायचे."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू मला विचारलंस कधी?"



दुसऱ्या दिवशी मी हेदीच्या दारात गेलो. "पस्तीस वर्षं लागली का रे गल्ली ओलांडायला?" तो म्हणाला, पण आत घेतलं. मुंजियाने आठ दिवस आम्हा दोघांना ताटकळत ठेवलं, मग होकार दिला. गेल्या महिन्यात निकाह झाला.

४. माझ्या दफनाच्या दिवशी जेवण मुंजियाच्या घरी व्हावं. मिरची ती ठरवेल.

वाचून, समजून सही केली.

सालह बिन मुख्तार झघदूद
ट्युनिस, १२ नोव्हेंबर १९८१

साक्षीदार:
१. ब्राहिम वस्लाती, न्हावी
२. हेदी बिन अम्मार केफी, माझे मेहुणे