मिश्रीची अट

मी, यज्ञेश्वर नरहर झरीकर, वय बावन्न, धंदा वैद्यकी, राहणार झरी, तालुका परभणी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाशिवाय लिहितो. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, म्हणून तोंडी सांगण्याची सोय उरली नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी कर्करोग म्हटले, कारण तंबाखू. तीस वर्षे मी तिला माझ्या कफप्रकृतीचे औषध म्हणत आलो.

१. शेत धाकटे बंधू किशनराव यांस. वाटणीत त्यांनी बांध दीड हात सरकवला होता. आता दोन्ही अंगे त्यांचीच. बांध हवा तिथे न्यावा.

२. खल, काटा व पोथ्या शिष्य बन्सीधर यास. दंतरोगाच्या पोथीतले शेवटचे पान त्याने जाळावे. तंबाखूची स्तुती ग्रंथांत कुठे सापडेना, तेव्हा मीच एक अनुष्टुभ श्लोक रचून खाली 'इति वृद्धवैद्याः' असे लिहिले. पुढे एका मासिकात तंबाखूने दातांतले कृमी मरतात असे संशोधन छापून आले. ते कात्रण तंबाखूच्या डबीच्या झाकणात चिकटवले आणि दर चिमटीला पुरावा समोर ठेवला.

३. राहते घर पत्नी मनकर्णा हिस. दाढ ठणकली तेव्हा तंबाखू भाजून मिश्री मीच तिला करून दिली, श्लोकासकट. दाढ केव्हाच पडली, मिश्री राहिली. तिच्या हिरडीवर आता पांढरा डाग आहे. माझाही असाच सुरू झाला होता. <s>मिश्री सोडली तरच घर तिचे.</s>

ही अट बन्सीधरने तिला सांगितली. ती म्हणाली, घर भाऊजींना द्या, मी पाथरीला माहेरी राहीन. मग मी पाटीवर लिहिले, की श्लोक वृद्धवैद्यांचा नाही, माझा आहे. तिने पाटी वाचली, पदराने पुसली.

"माहीत आहे. अक्षरं बोटांवर मोजत होतात, मी समोरच बसले होते. तुमचा म्हणूनच तर पाठ केला की."

यावर मला शास्त्राधार सापडला नाही. अट खोडली आहे, खाडाखोडीवर सही केली आहे. घर तिचे, विनाअट.

दर एकादशीला सकाळी दारातल्या उजेडात तिचे तोंड उघडून डाग किती वाढला ते मी पाहतो. माझ्यामागे ते कोणी पाहावे, याची तजवीज या पत्रात करता आलेली नाही.

वरील मजकूर माझ्या हातचा. खालील दोघांदेखत सही केली.

यज्ञेश्वर नरहर झरीकर

साक्षीदार:
व्यंकटराव माणिकराव देशमुख
आश्रुबा सखाराम (अंगठा)

मुक्काम झरी, ता. ९ फेब्रुवारी १९५७