‘जबरदस्ती’ला इंग्रजीत काय म्हणतात

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार. (खरंच घातला असता, पण तुम्ही दार उघडत नाही, फोन उचलत नाही, म्हणून कागदावर.) गुडघा कसा आहे? काकू म्हणते, घरी बसून तुम्ही तिच्या भाजीत चुका काढताय. तोही माझाच दोष.

काका, मला फक्त मदत करायची होती. गोदामाच्या साहेबांच्या छातीत दुखत होतं, ते ‘नको नको’ म्हणत होते, तुम्ही त्यांना जबरदस्तीने कंपनीच्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. एवढंच तर सांगितलं होतंत. हेड ऑफिसला खुलासा इंग्रजीत हवा होता, आणि मी केजीपासून इंग्लिश मीडियम! लगेच डिक्शनरी काढून बसले. आधी ‘किडनॅप’ सापडला. पण त्यात किड आहे, आणि साहेब अठ्ठावन्नचे. म्हणून मोठ्या माणसाला शोभेल असा ‘अ‍ॅबडक्ट’ घातला. (मला वाटलं, तो जरा आदरार्थी आहे.) गाडी ठरलेला रस्ता सोडून नेली, त्याला ‘हायजॅक’. आणि डिपॉझिट भरल्याशिवाय आत घेत नाहीत म्हणून तुम्ही साहेबांच्या बायकोला फोन केलात, पैसे घेऊन लगेच या, तिथे मी कुठला शब्द टाकला ते आता लिहवत नाही. तुम्ही वाचलाच असेल.

खरं तर नाहीच वाचलात. ‘पोरीचं इंग्रजी पक्कं आहे’ म्हणालात आणि सही ठोकलीत. तेच सारखं आठवतं. बावीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, आणि माझ्या एका पानाने तुमची चावी काढून घेतली.

काकू मला जेवल्याशिवाय सोडत नाही, चप्पल लपवते, तीही जबरदस्तीच ना? त्या जबरदस्तीला डिक्शनरीत शब्दच नाही हो. दोनदा बघितलं. आधी बघायला हवं होतं.

तुमची (अजून असेन तर) पुतणी

ता. क. सोमवारी चौकशी आहे. साहेबांना काल घरी सोडलं. ते स्वतः येऊन सगळं सांगणार आहेत, मराठीत. पण तुम्ही ‘जे झालं ते झालं’ म्हणून जाणार नाही म्हणे. या ना, काका.

ता. क. २. नाही म्हणालात तरी नऊ वाजता मी आणि साहेब रिक्षा घेऊन दारात येतोय. ते म्हणाले, ‘मी नको नको म्हणताना मला नेलं ना त्याने? आता माझी पाळी.’ तुम्हाला उचलून नेणार आहोत. त्याला काय म्हणतात, ते मला आता पक्कं माहीत आहे.