दोन बाजे, एक दोरा

मेहकर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९६३

बाबांच्या बँडमधल्या बॅरिटोन आणि नव्या युफोनियम या दोन पितळी बाज्यांच्या वेटोळ्या नळ्यांवरून मी दोरा फिरवला. लांबी सारखीच भरली, म्हणून गवसण्याही सारख्याच शिवल्या. युफोनियम आत जाईचना! एवढं कापड वाया घालवलं? दोरा पुन्हा फिरवला. तेवढाच!

"काऊन रडून राह्यली, माय?" बाबा हसले. "सूर एकच, म्हनून लांबी एकच. पन या नव्याचं पोट पाह्य, केवढं रुंद! फुंक दोन्ही."

मी? मुलीनं फुंकायचं? दार लोटून फुंकलं. बॅरिटोन किनरा वाजला. युफोनियममधून तोच सूर खोलीभर पसरला. हा माझा श्वास?

आई आतून ओरडली, "अवो, म्हैस घरात घेतली काय?"

म्हैस तर म्हैस! तिच्या गवसणीला उद्या ऐसपैस पट्टी जोडीन.