लक्ष्मव्वांचा भाऊ

सोलापूर, गुरुवार, १२ जुलै १९७३

आज वृद्धाश्रमात बोलायला गेलो नसतो तर बरं झालं असतं का? ठरवता येत नाही.

विषय तीस साली इथं इंग्रजांनी केलेल्या गोळीबाराचा होता. शाळेत वीस वर्षं सांगितलेलं वाक्य तिथंही म्हटलं, "आपल्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मव्वा तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांचा जन्म मिलच्या चाळीत गेला. एरवी त्या बोलत नाहीत.

बाकीचे चहाला उठल्यावर त्या जवळ आल्या.

"मास्तर, माजा भाऊ यल्लय्या त्यात गेला. पन त्याच्या पाठीत लागली गोळी. त्यो मोर्चात न्हवता. गोंधळ बगून घराकडं पळत हुता."

पाठीत.

"आईनं मरेस्तोवर छातीतच सांगितलं. मीबी तसंच सांगत आले. भित्रा हुता त्यो, पन लई मायाळू हुता की."

माझं ते वाक्य मी तरी कुठून उचललं होतं? अशाच कुणा आईकडून आलेलं असेल. पाठीत लागलेली गोळी कुठली आई सांगेल?

मग त्यांनी विचारलं, "पळनाऱ्याला हुतात्म्यात धरत्यात का?"

"धरतात," मी म्हणालो. "त्याचं नाव यादीत आहे."

त्यांनी डोळे पुसले आणि माझे हात धरले. माझ्याकडची यादी मला तोंडपाठ आहे. तीत यल्लय्या नाही.