तुझ्या नावाचं बाळ

झिरिकझे, मंगळवार

प्रिय आईस सित्स्केचा नमस्कार. प्रभू तुम्हा दोघांना सांभाळो.

मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. भेटायला येणाऱ्यांना बडीशेप लावलेले टोस्ट दिले, कुणी तसंच गेलं नाही. तुझा खोकला कसा आहे? बाबा शाल घेतात ना?

पुढच्या रविवारी बाप्तिस्मा. गेलेल्या मुलीचं नाव पाठच्या मुलीला द्यायची आपली रीत, म्हणून हीसुद्धा फेनाच, तुझ्या नावाची. सासूबाई म्हणाल्या, "अगं, झबल्यांवर नाव भरलेलंच आहे, उसवत कशाला बसतेस?" खरं आहे. झबली हिला अगदी बेतशीर बसतात.

फेना म्हणजे शांतता, हे तूच मला सांगितलंस. ही रडतच नाही. शेजारीण हसते, "नावाला जागते हो पोर!" पहिलीही अशीच शांत होती, गेली त्या सकाळीही.

आई, तुझं नाव नाही ठेवलं तर रागावशील का? रविवारच्या आत दोन ओळी लिही. तोवर मी तिला नुसतं बाळ म्हणते.

काल पाजायला उशीर झाला, तेव्हा ती एकदाची टाहो फोडून रडली. मी लगेच उचललं नाही. जरा वेळ ऐकत बसले.

तुझीच लेक,
सित्स्के