तिसऱ्या तंबूपर्यंत केक

१६ नोव्हेंबर, शनिवार
धाकट्या लेकीच्या, एसेझाच्या, लग्नाची मीटिंग. केक उपसमितीचे अध्यक्षपद माझ्याकडे, एकमताने. (मत घेतले तेव्हा पेरुसी चहा आणायला गेली होती. पत्नीचे मत गृहीत धरले.) थोरलीच्या लग्नात केक तिसऱ्या तंबूपर्यंत पोचला नव्हता. तेव्हापासून आमच्या मसाका गावातले काही रिकामटेकडे मला 'तिसरा तंबू' म्हणतात. मला त्याचे काहीही वाटत नाही. तथापि या खेपेस तिसऱ्या तंबूला केक मिळेल. बी.कॉम. उगाच झालो नाही.
मीटिंगनंतर एसेझा म्हणाली, "बाबा, मला बाकी काही नको. कुणी केकवाचून जायला नको, आणि सासूबाईंसमोर हसं व्हायला नको." दोन्ही मुद्दे मान्य.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
तुकड्याचे माप निश्चित: एक काडेपेटी. सर्वांना परिचित, वादाला जागा नाही. वाद झाला. माझी धाकटी बहीण दामली हिने भर सभेत विचारले, "दादा, काडेपेटी उभी की आडवी?" आडवी, असा खुलासा केला. त्यावर म्हणाली, "आणि आत काड्या असतील ना? दात कोरायला?" बराच वेळ हशा. आत्या या नात्याने तिला नवरीचे सर्व काही बघायचे असते, केकचे मात्र काहीच कळत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
गोरेटीच्या बेकरीत. होणाऱ्या जावयाच्या भावाच्या लग्नात सहा केक मांडले होते. सबब आपण सात. सहा खरे, सातवा थर्मोकोलचा, वरून तेच आयसिंग. अट घातली की खरा कोणता आणि खोटा कोणता, हे कुणालाही कळता कामा नये. गोरेटी म्हणाली, "चेअरमन, तुम्हाला तरी कळेल ना?" अनावश्यक प्रश्न. थर्मोकोल उजव्या टोकाला, असे नकाशातच दाखवले आहे.
वाटप: एक अखंड केक व्याहीणबाईंना, एक रेव्हरंडना. उरलेले चार कापून पाहुण्यांना. याउपर अखंड केक कुणालाही नाही. निर्णय अंतिम.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
चर्चच्या गाणाऱ्यांचे प्रमुख बाजारात भेटले. भर रस्त्यात "चेअरमन" अशी हाक. गाणाऱ्यांना एक अखंड केक कबूल केला. हा एकमेव अपवाद. काडेपेटी किंचित बारीक करावी लागेल.

४ डिसेंबर, बुधवार
बँकेतले माझे जुने मॅनेजर लग्नाला येणार. त्यांना अखंड केक देणे हा शिष्टाचार आहे. त्याला अपवाद म्हणता येत नाही. नवे माप: अर्धी काडेपेटी. गोड कमी खावे, असे डॉक्टरही सांगतात.

११ डिसेंबर, बुधवार
तंबूंसाठी ज्यांनी मैदान दिले, त्या गावप्रमुखांनी केकची सहज चौकशी केली. सहज म्हणजे काय, ते मला कळते. दिला.
पाहुण्यांसाठी एक केक शिल्लक. माप: लुडोचा फासा. पेरुसीला सांगितले. ती म्हणाली, "मग सोबत लुडोचा पट पण वाटा. पोटात नाही तर निदान वेळ तरी जाईल." मी दुर्लक्ष केले. सुरी बारीक असली की सर्व जमते.

१४ डिसेंबर, शनिवार, सायंकाळ
लग्न उत्तम झाले. माइक मी स्वतः घेतला. स्टेजवर, पाहुण्यांकडे तोंड करून, एकेक केक जाहीर केला. प्रत्येक नावाला टाळ्या. माझ्या उजव्या हाताचा शेवटचा केक तेवढा वगळला.
पहिला, डाव्या टोकाचा, व्याहीणबाईंचा. एसेझाने तो उचलला आणि एकदम माझ्याकडे पाहिले. डोळे मोठे. मुलगी सासरी निघाली की असे व्हायचेच. मी मानेने खूण केली: पुढे जा. तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून केक दिला. व्याहीणबाई क्षणभर थांबल्या, हसल्या, आणि केक डोक्यावर घेऊन तंबूभर नाचल्या. या वयात! माझ्या नियोजनाला याहून मोठी पावती कोणती?

१५ डिसेंबर, रविवार
तिसऱ्या तंबूत केक पोचला नाही, ही तक्रार अतिरंजित आहे. नॅपकिन वेळेवर पोचले होते.

१७ डिसेंबर, मंगळवार
एसेझाच्या सासरहून, म्बराराहून, व्याहीणबाईंचा फोन. म्हणाल्या, "पाहुणे, तुमच्या बेकरीवाल्या बाईंचा हात फार हलका हो. केक अजून जसाच्या तसा आहे. मुंगीसुद्धा शिवली नाही." इतकी मोकळी स्तुती व्याह्यांकडून सहसा होत नाही. पेरुसीला शब्दशः सांगितली. तिने दामलीला बोलावले. दोघी परसात बसून राहिल्या.

१८ डिसेंबर, बुधवार
कोठीत मुंग्या. थर्मोकोलच्या खोक्यावर चांगली दुपदरी रांग. थर्मोकोलला मुंग्या लागतात, ही मला नवी माहिती आहे. गोरेटीकडे मालाच्या दर्जाबद्दल लेखी तक्रार करणार.

१९ डिसेंबर, गुरुवार
गोरेटी तिचा थर्मोकोल न्यायला आली. एका हाताने उचलू गेली. खोके हलले नाही. मग दोन्ही हात लावले, आणि तसेच खाली ठेवले. माझ्याकडे पाहिले नाही, हे तिचे उपकार.
नकाशा मी पाहुण्यांच्या बाजूने काढला होता. वाटप स्टेजवरून केले. माझा उजवा हात आणि पाहुण्यांचा उजवा हात एक नव्हते.
एसेझाला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. सासूबाईंनाही. त्या नाचल्या म्हणून तर झाकलं गेलं." नंतर म्हणाली, "जेवलात का?"
मी जेवलो नव्हतो.
दामलीने मुंग्या झटकल्या आणि केक कापून तिसऱ्या तंबूतल्या लोकांच्या घरोघरी नेला. काडेपेटीचा विषय तिने काढला नाही, तेव्हा मला जास्त लागले.
शनिवारच्या बसने म्बराराला जाणार. व्याहीणबाईंसाठी नवा केक मांडीवर घेऊन. गोरेटी दारात थांबली होती. तिने विचारले, "चेअरमन, नव्या केकचं माप काय सांगता?"
मी म्हणालो, "जड."