गावात चोऱ्या : शून्य

५ एप्रिल
मी दुसरीपर्यंत शिकेल. तरी आजपासून डायरी! नातीनं, अपेक्षानं, मोताळ्याच्या बाजारातून वही आणून दिली. तिचा कॉलेजात प्रोजेक्ट आहे, गावात गुन्हे किती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहेल आहे, ‘यंदा चोऱ्या : शून्य’. मंग गच्चीवरच्या माह्या अकरा कुरडया काय पंख लावून गेल्या? ठाण्यातला जमादार म्हणे, "आजी, तक्रार नाही तं चोरी नाही." वा रे वा! खरा आकडा आता मीच काढीन.

७ एप्रिल
सकाळी ओट्यावर बसली. चोऱ्या सात. शेजारच्या विमलबाईनं दिवाळीले नेलेली साखरेची वाटीही धरली. परत न देणं म्हंजे मंग काय?

११ एप्रिल
चोऱ्या तेवीस! दुपारीही बसली ना. अपेक्षा म्हणे, "आजी, गाव तेवढंच आहे, तुह्यं बसणं वाढलं." पोरीले काय समजते! मले डुलकी लागली तेव्हा चोरानं काय उपास धरला असन? त्या वेळच्या पाच अंदाजानं धरल्या.

१६ एप्रिल
पन्नास! आमच्या कारभाऱ्याची चप्पल दोनदा हरवली. दोन्ही वेळा पायातच निघाली, पण हरवली तं होती. कावळ्यानं डोळ्यादेखत कुरडई नेली. कावळा आपल्याच गावचा. धरला.
विमलबाई झोपेल होती, तिच्या कुंडीतून मनीप्लांटचा वेल आणला. हे धरलं नाही. मनीप्लांट चोरूनच आणा लागते, मागून आणला तं लागत नाही. ही रीत आहे, गुन्हा नाही.

१९ एप्रिल
विमलबाई कुंडीपाशी बोंबलून राह्यली. बोंबलणं धरू का? धरलं. एक्कावन्न.

२२ एप्रिल
उद्या जमादार येते. ते शून्य पुसूनच सोडीन. पेंटरले सांगतलं, डबा घेऊन ये. नवं लुगडं काढून ठेवलं.

२३ एप्रिल
मी यादी काढाच्या आधीच विमलबाई म्हणे, "साहेब, हिच्या ओट्यावरचा वेल पाहा. माहा आहे. पानावर माह्या सुनेचं नेलपॉलिश सांडेल आहे."
जमादारनं पेन काढला. "आजी, आकडा पाहिजे होता ना? लिहू? शून्याचा एक होते. नाव तुमचं."
सारे माह्याकडं पाहून राह्यले.
म्हटलं, "काऊन लिहिता बाप्पा? शेजारपाजारच्या गोष्टी. आपसात मिटवू."
विमलबाई म्हणे, "साखरेची वाटी फिटली म्हण."
म्हटलं, फिटली.
चहा झाला. साखर माहीच. धरली नाही.
अपेक्षानं प्रोजेक्टात लिहिलं, ‘नोंद नाही. कारण : आजी.’
पेंटर डबा घेऊन आलाच होता. त्याले वापस काऊन धाडाचं? शून्यच गिरवून घेतलं, मोठं. आता पार एसटी स्टँडवरून दिसते.